दाराशी उभे राहण्याचे काम

बालमंदिराची संचालिका नेमके काय काम करते, हा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या मार्च महिन्यातील बैठकीत निघाला. तो कोणी खोडसाळपणे विचारला नव्हता. अंदाजपत्रक समोर होते आणि अंदाजपत्रक समोर आले की असे प्रश्न विचारावेच लागतात.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, जैन बस्तीला लागून असलेल्या धर्मशाळेच्या तीन खोल्यांत हे बालमंदिर भरते. समोर फरसबंद अंगण, कडेला एक जुना चाफा आणि गाळलेल्या पाण्याचा हंडा ठेवलेला कट्टा. पाच वर्षांपूर्वी तेथे ६२ मुले होती. त्या मार्चमध्ये ती ४१ वर आली होती. दरमहा ९०० रुपये शुल्काप्रमाणे जमा ३६,९०० रुपये. दोन शिक्षिकांचे प्रत्येकी ९,०००, संचालिकाबाईंचे १२,००० आणि मदतनीस मावशींचे ६,५०० रुपये मिळून वेतनावरच ३६,५०० रुपये जात. वीज, पाणी, साहित्य यांचे ४,००० धरले की महिन्याला ३,६०० रुपयांची तूट पडे. ट्रस्टच्या ठेवींच्या व्याजातून ती भरून काढली जाई. पण ठेवींवरील व्याज पूर्वीसारखे राहिले नव्हते आणि बस्तीच्या शिखराचे काम डोक्यावर होते.

विश्वस्तांपैकी सर्वांत तरुण असलेल्या सनदी लेखापालाने दोन उपाय मांडले. मावशींचे पद कमी केले तर ३,६०० रुपयांची तूट जाऊन २,९०० रुपये शिल्लक राहतात, हा पहिला. दुसरा असा की, जवळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेप्रमाणे तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांनाही लेखन, गृहपाठ आणि तिमाही चाचणी सुरू करावी. पालकांना हातात काहीतरी दिसले पाहिजे.

मग अध्यक्ष असलेले अण्णा बोलले. त्यांची हयात हळदीच्या व्यापारात गेली होती आणि बालमंदिर सुरू झाले तेव्हापासून ते मंडळावर होते. "बाई, गैर मानू नका. शिकवायला दोघी आहेत, केरवाऱ्याला मावशी आहेत. मग तुमच्याकडे काम राहतं ते कोणतं, एवढं मंडळाला समजावून सांगा."

"प्रश्न रास्त आहे, अण्णा," संचालिकाबाई म्हणाल्या. "पण याचं उत्तर तोंडी देता येणार नाही. निर्णय घ्यायच्या आधी मंडळातल्या प्रत्येकानं एक सकाळ बालमंदिरात येऊन बसावं, एवढीच विनंती आहे. साडेआठ ते साडेअकरा. मध्ये उठून जायचं नाही."

सातांपैकी तिघे आले: अण्णा, तो तरुण लेखापाल आणि मंडळावरील एकमेव महिला सदस्य असलेल्या एक वहिनी.

अण्णांना पहिली गोष्ट दिसली ती ही की, बाई साडेआठच्या आधीपासून दाराशी उभ्या होत्या. प्रत्येक मुलाला नावाने हाक मारून, खाली वाकून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन त्या 'जय जिनेंद्र' म्हणत होत्या. फुलवाल्याच्या मुलीला त्यांनी 'नमस्कार' म्हटले, कारण तिच्या घरी तो शब्द होता. हे सारे शिष्टाचाराचे वाटले तरी त्याच वेळी त्यांची नजर तपासणीही करीत होती. एकाचे डोळे लाल होते. त्याला वेगळे बसवून त्याच्या आईला लगेच परत बोलावले. एकीच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. ते कसे झाले हे आजीला विचारून वहीत टिपले. एक मुलगा रोज धावत येई, त्या दिवशी पाय ओढत आला; त्याचे बूट काढून पाहिले, तर आत खडा होता.

नऊ वाजता दोन शिक्षिकांपैकी एकीचा आवाज चढलेला ऐकू आला. बाई आत गेल्या, तिला काही न बोलता मुलांमध्ये बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जरा चहा घेऊन या." त्या शिक्षिकेच्या सासूबाई आठ दिवसांपासून रुग्णालयात होत्या. अर्ध्या तासाने ती परतली तेव्हा चेहरा निवळला होता. बाहेर आल्यावर बाई अण्णांना म्हणाल्या, "मुलांसमोर त्रासलेली बाई बसवायची नाही. मुलांना शब्द कळत नाहीत, पण चेहरा सगळा कळतो."

साडेअकराला मुले घरी निघाली, तेव्हा समाजातील एक परिचित गृहस्थ पुतणीला न्यायला आले. ने-आण करणाऱ्यांच्या नोंदवहीत त्यांचे नाव नव्हते. मुलीच्या आईचा दूरध्वनी लागेपर्यंत बाईंनी त्यांना वीस मिनिटे थांबवून ठेवले. "मला ओळखत नाही का तुम्ही?" असे ते चिडून म्हणाले. "ओळखते, दादा. म्हणूनच बसायला खुर्ची दिली," बाईंनी शांतपणे सांगितले. अण्णा हे पाहत होते. मध्ये पडले नाहीत.

मावशींचे काम पाहिले ते वहिनींनी. केर काढणे हा त्या कामाचा फार लहान भाग होता. एका सकाळी मुले किती वेळा लघवीला जातात, किती जणांची नाके पुसावी लागतात, कोणाची चड्डी ओली होते, कोणाचा डबा उघडत नाही, याची मोजदाद वहिनींनी काही वेळ केली आणि मग सोडून दिली. दहा वाजता मावशींनी अंगणात सूप आणून तूर निवडायला घेतली. आठ-दहा मुले भोवती बसली. खडा निघाला की तो वाटीत जायचा. टोका दिसला की एक मूल त्याला कागदावर अलगद घेऊन चाफ्याखाली सोडून यायचे. त्या बालमंदिरात जीवदयेचा वेगळा तास नव्हता.

"आणि हे लेखनच आहे," बाईंनी तरुण लेखापालाला सांगितले. "चिमटीत तुरीचा दाणा धरता आला की पुढे पेन्सिल धरता येते. या वयात मनगटातली हाडं पुरती घडलेली नसतात. माती मळणं, शेंगा सोलणं, मणी ओवणं यातून पकड येते. आज पेन्सिल दिली तर अक्षर निघेल, पण मुठीत पेन्सिल दाबून, दुखत्या हातानं निघेल. मग पुढे मूल लिहायचा कंटाळा करतं आणि आपण त्याला आळशी म्हणतो."

हे बाईंचे स्वतःचे तत्त्वज्ञान नव्हते आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. तरुणपणी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करताना त्यांनी अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र वाचले होते, आणि ताराबाई मोडक व अनुताई या दोघींचे काम त्यांच्या मनात कायमचे घर करून राहिले होते. राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत सहभागी झाल्या. पुढे १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. बालपणीच विवाह आणि लगोलग वैधव्य वाट्याला आलेल्या अनुताई तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. त्या ताराबाईंच्या सोबतीला गेल्या आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत त्याच कामात राहिल्या.

बोर्डीची गोष्ट बाई नेहमी सांगत, कारण संचालक कोणाला म्हणावे याचा तो त्यांच्या दृष्टीने सर्वांत चांगला धडा होता. तेथे बालवाडी उघडली, पण वस्तीतील गरीब मुले येईनात. अशा वेळी 'या लोकांना शिक्षणाची किंमत नाही' असा शेरा मारून हजेरीपट मिटवणे सोपे असते. ताराबाईंनी उलटा प्रश्न विचारला: मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जायला काय हरकत आहे? म्हणून बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली आणि तिला नाव पडले अंगणवाडी. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. मुले मळलेली येत, म्हणून त्यांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हाच पहिला पाठ ठरला. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मोठी मुलगी शाळेत येत नाही असे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरली. पुढे ही संस्था कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावली. १९७३ मध्ये ताराबाई गेल्यावर अनुताईंनी तिची धुरा वाहिली. १९७५ मध्ये केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि वस्तीच्या अंगणातला तो शब्द देशभर गेला.

यात शिकवण्याइतकेच महत्त्वाचे काम दिसते ते अडचण हेरण्याचे. मूल आणि शिक्षण यांच्यामध्ये आज नेमके काय आडवे आले आहे, हे शोधून ते बाजूला करायचे. कधी तो बुटातला खडा असतो, कधी कडेवरचे भावंड, कधी मोठ्या माणसांची घाई.

त्याच वर्षी या बालमंदिरात असेच एक प्रकरण घडून गेले होते आणि मावशींच्या पदाशी त्याचा थेट संबंध होता. मागील जूनमध्ये साडेतीन वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. तो बोलत नसे. रडत नसे, हट्ट करीत नसे. कोपऱ्यात बसून दाराकडे पाहत राही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. दशलक्षण पर्वात मुलांनी नमोकार मंत्र म्हटला, तेव्हाही त्याचे ओठ हलले नाहीत. शिक्षिकांना वाटले, मूल मंद असावे. आईवडिलांनाही मनातून तीच धास्ती होती. बाईंनी तो शब्द वापरायला सर्वांना मनाई केली. प्रथम त्यांनी शासकीय रुग्णालयात मुलाचे कान तपासून घ्यायला लावले. ऐकू उत्तम येत होते. मग त्यांनी रोज त्याच्याविषयी दोन ओळी लिहायला सुरुवात केली: काय पाहतो, कशाने दचकतो, कोणाजवळ सरकतो. महिनाभराची पाने चाळताना त्यांच्या ध्यानात आले की, मूल फक्त एकाच व्यक्तीजवळ सरकते, ती म्हणजे मावशी. आणि तेही त्या काम करताना स्वतःशी पुटपुटत असतात तेव्हा.

मावशींचे माहेर अथणीकडचे. त्या स्वतःशी कन्नडमध्ये बोलत.

बाईंनी मावशींना सांगितले, "उद्या तूर निवडताना त्याला तुमच्या भाषेत बोलवा." दुसऱ्या दिवशी मावशींनी सूप मांडले आणि मान वर न करताच म्हटले, "बारो, इल्ली कूड." मुलगा उठला, जवळ येऊन बसला. बराच वेळ त्याने तुरीत बोटे फिरवली. मग त्याने बालमंदिरातील आपले पहिले वाक्य उच्चारले. तो प्रश्न होता. "अज्जी एल्ली?"

आजी कोठे आहे?

मग हळूहळू सारे उलगडले. आईवडील नोकरीच्या धावपळीत असल्याने मूल तीन वर्षांचे होईपर्यंत सीमेपलीकडील खेड्यात आजीजवळ वाढले होते. त्याचे सारे जग कन्नड होते. शाळेसाठी त्याला इकडे आणले आणि त्याने लवकर मराठी व इंग्रजी उचलावे म्हणून, कोणाच्या तरी सल्ल्यावरून, घरात कन्नड बोलणे बंद केले. आजीला आठवून रडू नये म्हणून तिचे नाव काढणेही टाळले. हेतू वाईट नव्हता. परंतु एकाच आठवड्यात त्या जिवाचे माणूसही गेले होते आणि भाषाही.

बाईंनी आईवडिलांना बोलावले. दोष दिला नाही. रोज संध्याकाळी आजीशी दूरध्वनीवर बोलू द्या, घरात कन्नड पुन्हा सुरू करा आणि दिवाळीत त्याला तिकडे घेऊन जा, एवढेच सांगितले. आईच्या डोळ्यांत पाणी आले. "आम्ही त्याच्या भल्यासाठीच केलं हो, बाई." "ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मूल मुकं नाही, गप्प आहे. त्याची भाषा त्याला परत द्या, दुसऱ्या भाषा तो आपणहून घेईल." डिसेंबरपर्यंत तो मावशींशी कन्नडमध्ये आणि मुलांशी मोडक्या मराठीत बोलू लागला. जानेवारीत त्याने पहिल्यांदा भांडण केले. त्या दिवशी बाईंनी वहीत लिहिले: 'आज खेळणे हिसकावून घेतले. आनंद वाटला.'

एप्रिलच्या बैठकीत बाईंनी या मुलाचे नाव न घेता ही हकिकत सांगितली आणि त्यापुढे आकडे ठेवले. मावशींना कमी केले तर दर वेळी एका शिक्षिकेला वर्ग सोडून उठावे लागेल आणि वीस मुले तेवढा वेळ उघड्यावर पडतील. ६,५०० रुपये वाचतील हे खरे. पण पालक शुल्क देतात ते ज्या भरवशासाठी, तोच खर्ची पडेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ आणि कृतीतून शिक्षण द्यावे, असेच म्हटले आहे. घरच्या भाषेचा आग्रहही त्यात आहे. "आणि तूट भरून काढायची तर ३,६०० रुपये म्हणजे चार मुलं," त्या म्हणाल्या. "मला एक वर्ष द्या आणि चार प्रवेश आणायला मदत करा. मावशींना काढू नका."

तरुण लेखापालाने थोडा वेळ आकड्यांकडे पाहिले. तो म्हणाला, "मावशींचं मला पटलं. पण बाई, पालकांचंही ऐकलं पाहिजे. त्यांना इंग्रजी हवं आहे, ते चुकीचं म्हणता येणार नाही." बाईंनी ते मान्य केले. रोज वीस मिनिटे इंग्रजी गाणी आणि गोष्टी, पण तोंडी. लेखन आणि चाचणी नाही, असे ठरले. महिन्यातून एका शनिवारी पालकांनी वर्गात येऊन बसावे, असेही ठरले. आपल्याकडे अनेकान्ताचा उल्लेख प्रवचनात पुष्कळ होतो. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी समोरच्याच्या म्हणण्यातले खरे तेवढे घेतले आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

गोष्ट येथे संपती तर बरे झाले असते. मे महिन्याच्या अखेरीस त्या मुलाचे वडील दाखला न्यायला आले. त्यांनी मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले होते. "तुमचे उपकार आहेत, बाई," ते खाली पाहत म्हणाले. "पण पुढं स्पर्धा फार आहे. आता बोलतो आहे, तर उशीर नको." बाईंनी समजावून पाहिले, आणखी एक वर्ष ठेवा असे दोनदा म्हटले. तिसऱ्यांदा म्हटले नाही. मूल आईवडिलांचे असते, संस्थेचे नसते, याचा विसर पडू न देणे हाही त्या पदाचाच भाग आहे. त्यांनी दाखला लिहिला आणि सोबत नव्या शाळेतील शिक्षिकेसाठी एक चिठ्ठी दिली:

'हा मुलगा नवीन जागी काही दिवस गप्प राहील. त्याला ऐकू येते आणि समजते. घाई करू नये. कन्नड येणारे कोणी आपल्याकडे असल्यास पहिल्या आठवड्यात त्यांना त्याच्याजवळ बसवावे. तूर निवडायला आवडते.'

चिठ्ठी पोहोचली की नाही, हे बाईंना कळले नाही. मावशी दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सूप धुऊन उन्हात ठेवले.

जूनमध्ये पंधरा मुले पहिलीला गेली, तो एक गेला आणि एकोणीस नवी आली. पट ४४ झाला. यांतील सहा मुले वहिनींनी घरोघर जाऊन आणली होती. चार हवी होती, तीनच वाढली. त्यामुळे तूट संपली नाही, महिन्याला ९०० रुपयांची उरली. ती कोणी भरली, हे बैठकीत विचारले गेले नाही. रोजकीर्दीत दर महिन्याच्या पाच तारखेला 'गुप्तदान रु. ९००' अशी नोंद आहे. अण्णा मात्र अधूनमधून सकाळी बस्तीतून परतताना बालमंदिराच्या कट्ट्यावर दहा मिनिटे टेकतात.

आपल्या समाजाने बस्त्या बांधल्या, पाठशाळा चालवल्या, वसतिगृहे उभारली. त्यांच्या कोनशिलांवर दात्यांची नावे आहेत आणि ती असावीत. ज्या ठिकाणी तीन वर्षांचे मूल आईचा हात पहिल्यांदा सोडते, त्या दाराकडे मात्र आपले लक्ष क्वचित जाते. आपल्या गावातही असे एखादे दार असेल. वाचकांनी एखाद्या सकाळी तेथे जाऊन बसावे. देणगी नंतर द्यावी. आधी तीन तास द्यावेत.

या वर्षी शाळा उघडल्याच्या पहिल्या दिवशी एकोणीसपैकी चौदा मुले रडत होती. बाई साडेआठच्या आधीच दाराशी उभ्या होत्या. प्रत्येकापुढे त्या खाली वाकत होत्या, आणि नाव विचारण्याआधी आईला हळूच एक प्रश्न विचारत होत्या, "घरी त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता?"